तिथी, भरती आणि ग्रेट नॉट

१. किनाऱ्यावर पहाटेला महत्त्व का नाही

पक्षी पाहायचे तर पहाटे उठलेच पाहिजे, असे सगळे सांगतात. रानातल्या आणि माळावरच्या पक्ष्यांबाबत ते खरे आहे. मग मुंबईच्या किंवा अलिबागच्या किनाऱ्यावर काही लोक दुपारचा चहा घेऊन, चार वाजता, दुर्बिणी गळ्यात अडकवून कुठे निघतात? त्यांना उशीर झालेला नसतो. ते ज्या पक्ष्याला पाहायला निघालेले असतात त्याचा दिवस सूर्यावर चालत नाही, भरती-ओहोटीवर चालतो.

उथळ पाण्यात आणि ओल्या चिखलात चालत अन्न शोधणाऱ्या पक्ष्यांना पक्षीनिरीक्षक सरसकट वेडर म्हणतात. चिखल्या, तुतवार, टिलवे, पाणटिवळे, कोरल हे सगळे यातलेच. शेकाट्या आणि टिटवी गावच्या तळ्यावरही दिसतात, पण वेडरांपैकी बऱ्याच जाती हिवाळ्यात खाडीच्या आणि समुद्राच्या काठी उतरतात. त्यांचे अन्न चिखलाच्या पोटात असते: लांबट कृमी, बारीक खेकडे, शिवल्यांसारखी लहान शिंपली. पाणी चढले की हे सगळे बुडते आणि आखूड पायांच्या पक्ष्याला तिथे उभेही राहता येत नाही. पाणी उतरले की ताट पुन्हा वाढलेले.

त्यामुळे वेडरांच्या दिवसाचे दोनच भाग पडतात. ओहोटीत खायचे आणि भरतीत विसावायचे. ओहोटी मध्यरात्री आली तर ते मध्यरात्री खातात. चिखलात चोच खुपसून शोधणाऱ्या जातींना उजेडाची फारशी गरजही नसते, कारण त्यांच्या चोचीच्या टोकाशी दाब आणि कंप ओळखणाऱ्या संवेदनशील पेशी दाटीने असतात. नॉट या पक्ष्यांच्या एका जातीवर झालेल्या प्रयोगांत असे दिसले, की वाळूत पुरलेल्या शिंपल्याला चोच लागलीही नाही तरी त्याच्यामुळे ओल्या वाळूतल्या पाण्याच्या दाबात पडणारा फरक पक्ष्याला कळतो.

पाहणाऱ्याला मात्र उजेड लागतो. पक्ष्याची वेळ आणि माणसाचा उजेड जिथे जुळेल तेवढाच तुकडा त्याच्या हाती येतो, आणि तो तुकडा शोधायचे साधन कोकणात घरोघरी भिंतीवर टांगलेले असते.

२. तिथीची पाऊणपट

भरती-ओहोटी मुख्यतः चंद्राच्या आणि काही प्रमाणात सूर्याच्या ओढीने होते. आपल्या किनाऱ्यावर रोज साधारण दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. चंद्र रोज सुमारे ५० मिनिटे उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तेवढीच पुढे सरकते. दोन भरत्यांमध्ये सव्वाबारा-साडेबारा तासांचे अंतर राहते.

कोकणातल्या कोळ्यांनी हे गणित फार सोपे करून ठेवले आहे. तिथीच्या आकड्याला तीनने गुणायचे आणि चारने भागायचे. जो आकडा येईल तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, म्हणजे सहा वाजता, सकाळीही आणि संध्याकाळीही. चतुर्थीला तीन वाजता. पौर्णिमेला किंवा अमावास्येला पंधराची पाऊणपट, म्हणजे सव्वाअकरा. पक्ष शुद्ध असो वा वद्य, हिशोब एकच. प्रत्यक्षात या उत्तरात अर्ध्या-एक तासाचा फरक पडू शकतो, आणि खाडीच्या आतल्या टोकाला भरती मुखापेक्षा उशिरा पोचते. पक्की वेळ भरतीच्या छापील तक्त्यात पाहावी. पण कोणत्या आठवड्यात जायचे, हे ठरवायला पाऊणपट पुरते.

आता पाण्याच्या उंचीकडे वळू. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास चंद्र आणि सूर्य एका रेषेत येतात, दोघांची ओढ एकत्र होते आणि पाणी खूप चढते, खूप उतरते. हे उधाण. अष्टमीच्या सुमारास त्यांची ओढ काटकोनात पडते, पाणी चढतेही थोडे आणि उतरतेही थोडे. त्याला भांग म्हणतात.

हिशोब आणि उंची एकत्र मांडली की मुंबई-अलिबागच्या किनाऱ्याची एक गंमत लक्षात येते. इथे उधाणाची भरती नेहमी दुपारी आणि मध्यरात्रीच्या आसपास येते. संध्याकाळी कधीच नाही. उलट उधाणाच्या दिवशी संध्याकाळी सहाला पाणी सगळ्यात खाली असते. पौर्णिमेच्या संध्याकाळी उत्साहाने किनाऱ्यावर गेलेल्याला अफाट चिखल दिसतो आणि त्याच्या पार टोकाला, पाण्याच्या कडेशी, पक्ष्यांचे ठिपके. तिथे चालत जाणे शक्य नसते आणि शहाणपणाचेही नसते.

मग कोणती संध्याकाळ धरायची? नवमी घेतली तर पूर्ण भरती पावणेसातला. दुपारभर पाणी हळूहळू चढते आणि पक्ष्यांना काठाकडे ढकलत आणते. पण ही भांगाची भरती. पाणी अर्ध्यावरच थांबते, चिखलाचा वरचा पट्टा कोरडाच राहतो आणि पक्षी काठापासून बऱ्याच अंतरावर गोळा होतात. चतुर्थीची संध्याकाळ याहून सरस. उधाणाचा जोर अजून ओसरलेला नसतो. भरती तीनला होते आणि सगळा चिखल बुडतो. मिठागरांच्या बांधांवर, खारफुटीच्या कडेला, उंच वाळूवर पक्षी पाणी उतरेपर्यंत उपाशी बसून राहतात.

त्या दिवशी पाणी किती वेगाने उतरेल याचाही एक नावाड्यांचा ठोकताळा आहे. ओहोटीच्या सहा तासांत पाणी सारख्या वेगाने उतरत नाही: पहिल्या तासात एकूण उताराचा बारावा हिस्सा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात आणि चौथ्यात तीन-तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. समजा चतुर्थीला भरती आणि ओहोटी यांच्या पातळीत ३.६ मीटरचा फरक आहे. तीन ते चार या वेळात पाणी ३० सेंटीमीटरच उतरेल. पाचपर्यंत एकूण ९० सेंटीमीटर. सहापर्यंत १ मीटर ८० सेंटीमीटर. म्हणजे पाचच्या आसपास काठाजवळचा पहिला चिखल उघडा पडू लागतो आणि भुकेले पक्षी तिथेच, माणसाच्या सगळ्यात जवळच्या पट्ट्यात, उतरतात. जानेवारीत मुंबईचा सूर्य सव्वासहा-साडेसहाला मावळतो. पाच ते सहा हा तास हातात राहतो. सहानंतर पाणी आणि पक्षी दोन्ही लांब जातात.

तृतीया ते पंचमी, असे महिन्यात दोनदा. बाकीच्या संध्याकाळी जाऊ नये असे नाही, पण दुर्मीळ पक्षी शोधायचा असेल तर आधी पंचांग पाहावे, मग मित्रांना फोन करावा.

३. पाठीवर ऊन

पश्चिम किनाऱ्यावरच्या संध्याकाळची दुसरी अडचण उघड आहे. सूर्य समुद्रावर मावळतो. अक्षीच्या किंवा तशाच दुसऱ्या पश्चिमाभिमुख पुळणीवर उभे राहून समोर पाहिले, तर चकाकत्या पाण्यावर सगळे पक्षी काळे दिसतात. आकार कळतो, रंग कळत नाही, आणि वेडर ओळखताना करड्याच्या दोन छटांमधला फरक महत्त्वाचा असतो. अशा ठिकाणी समोर न पाहता किनाऱ्याला समांतर, उत्तरेकडे किंवा दक्षिणेकडे पाहावे.

ठाणे खाडीचा पश्चिम काठ या दृष्टीने भाग्यवान आहे. शिवडी किंवा भांडुपच्या बाजूला उभे राहिले की चिखल पूर्वेला पसरतो आणि मावळते ऊन पाठीमागून थेट पक्ष्यांवर पडते. पलीकडे ऐरोलीच्या काठावर हेच उलटे होते. तिथे सकाळ चांगली. ऐरोलीच्या सागरी जैवविविधता केंद्रातून रोहित, म्हणजे फ्लेमिंगो, पाहायला सुटणाऱ्या बोटी मात्र सकाळ-संध्याकाळ पाहत नाहीत, त्यांचे वेळापत्रक भरतीवर बेतलेले असते. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ मध्ये फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून घोषित झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आला. गर्दी रोहितांसाठी होते. त्यांच्या पायांशी हजारोंनी फिरणाऱ्या करड्या पक्ष्यांकडे फार थोड्यांचे लक्ष जाते.

४. ग्रेट नॉट कोण

त्या करड्या गर्दीत क्वचित सापडणारा आणि सापडला तर मोठी बातमी ठरणारा पक्षी म्हणजे ग्रेट नॉट. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर त्याच्या नोंदी आहेत, पण थोड्या. टिलवे ज्या कुळशाखेत येतात त्या कॅलिड्रिस प्रजातीतला हा सगळ्यात मोठा पक्षी; लांबी २६ ते २८ सेंटीमीटर.

त्याचे घर ईशान्य सायबेरियातल्या डोंगरमाथ्यांवरचा टुंड्रा. तिथल्या अगदी छोट्या उन्हाळ्यात तो घरटे करतो आणि लगेच दक्षिणेला निघतो. बहुसंख्य ग्रेट नॉट ऑस्ट्रेलियाच्या, विशेषतः वायव्य ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावर हिवाळा काढतात. आग्नेय आशिया, भारत, पाकिस्तान आणि अरबस्तानच्या किनाऱ्यांवर त्या मानाने कमी पक्षी येतात.

किनाऱ्यावर त्याचे मुख्य खाद्य शिंपले. कालवफोड्या चोचीने शिंपला उघडून आतला गर खातो. ग्रेट नॉटला तेवढी फुरसत नाही. तो शिंपला कवचासकट गिळतो आणि ते कवच पोटातल्या जाड स्नायूंच्या पेषणीत भरडले जाते.

पण ही दणकट पेषणी उडताना ओझे होते. वायव्य ऑस्ट्रेलियातून चीनच्या किनाऱ्यापर्यंतचे ५,४०० किलोमीटरचे अंतर ग्रेट नॉट न थांबता कापतात. या उड्डाणाआधीच्या आणि नंतरच्या पक्ष्यांचा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. त्यात असे आढळले की एवढ्या प्रवासात केवळ चरबी खर्च होत नाही. पचनसंस्था, यकृत, स्नायू, जवळजवळ सगळेच अवयव आकसतात. मेंदू आणि फुप्फुसे तेवढी जशीच्या तशी राहतात. पोचल्यावर पक्ष्याला आधी खाण्याचे यंत्र पुन्हा उभारावे लागते आणि मग खायचे असते. उतरण्याच्या ठिकाणी अन्न भरपूर आणि बिनधोक मिळणे त्याच्यासाठी किती निकडीचे आहे, ते यावरून कळते.

५. थव्यातला वेगळा

हिवाळी पिसाऱ्यात ग्रेट नॉट दिसायला साधा असतो. पाठ करडी, तिच्यावर बारीक काळपट रेघा, पोट पांढरे, छातीवर आणि कुशीवर गडद ठिपके. चोच काळी, डोक्यापेक्षा थोडी लांब, टोकाशी किंचित खाली वळलेली. पाय हिरवट करडे. ही सगळी वर्णने वाचून चिखलाकडे पाहिले की समोरचे अर्धे पक्षी ग्रेट नॉट वाटू लागतात. म्हणून अनुभवी माणूस रंगापासून सुरुवात करत नाही. तो आधी शेजारी पाहतो.

लाल पायांचा तुतवार किनाऱ्यावर सर्वत्र असतो आणि त्याची लांबी ग्रेट नॉटएवढीच, २७ ते २९ सेंटीमीटर. तो मोजपट्टी म्हणून वापरावा. त्याच्याएवढाच, पण आखूड पायांचा, भरलेल्या छातीचा आणि अंगाच्या मानाने लहान डोक्याचा करडा पक्षी दिसला तर थांबावे. त्याच्याहून स्पष्टपणे लहान, बाकदार चोचीचा पक्षी असेल तर तो कर्ल्यू सँडपायपर. ठाणे खाडीत त्यांचे मोठे थवे असतात आणि घाईने केलेल्या बऱ्याच चुकीच्या नोंदींचे मूळ तेच. शिडशिडीत, उंच, लांबलचक सरळ चोचीचा असेल तर पाणटिवळा.

पक्षी उडाला तर आणखी दोन खुणा मिळतात. तुतवाराच्या पंखाची मागची कड पांढरीशुभ्र चमकते. ग्रेट नॉटच्या पंखावर फक्त एक फिकट, बारीक रेघ असते आणि शेपटीचे मूळ पांढुरके दिसते. मार्च-एप्रिलमध्ये काम सोपे होते, कारण परतीच्या तयारीत त्याच्या छातीवर दाट काळे ठिपके भरतात आणि खांद्यांवर तांबूस पिसे येतात.

एकाच खुणेवर निकाल देऊ नये. पायाला चिखल लागला की लाल पायही करडे होतात.

६. दुर्बिणीवरचे आकडे

संध्याकाळसाठी दुर्बीण निवडताना बहुतेक जण फक्त पहिला आकडा पाहतात. दुर्बिणीवर ८×४२ असे लिहिलेले असते. आठ म्हणजे वस्तू आठपट जवळ दिसते. बेचाळीस म्हणजे पुढच्या भिंगाचा व्यास, मिलिमीटरमध्ये. दुसऱ्याला पहिल्याने भागले की डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास मिळतो: ४२ भागिले ८, म्हणजे सव्वापाच मिलिमीटर. खिशात मावणाऱ्या १०×२५ दुर्बिणीत तोच व्यास अडीच मिलिमीटर.

भर उन्हात डोळ्याची बाहुली दोन-तीन मिलिमीटरच उघडी असते, त्यामुळे दोन्ही दुर्बिणी सारख्याच लख्ख वाटतात. सूर्य कलला की बाहुली पाच मिलिमीटरच्या पुढे उघडते. तेव्हा सव्वापाचचा झोत ती भरून टाकतो आणि अडीचच्या झोतात चित्र मंद दिसू लागते. दुकानात दुपारी घेतलेली छोटी दुर्बीण संध्याकाळी दगा देते ती यामुळे. लांबच्या थव्यासाठी तिपाईवरची स्पॉटिंग स्कोप हवीच. तीसुद्धा कमी पटीवर ठेवली की उजेड जास्त वेळ पुरतो.

७. दुर्मीळ कशामुळे

दुर्मीळपणा दोन तऱ्हांचा असतो. काही पक्षी जगात भरपूर असतात, पण आपल्या किनाऱ्याच्या वाटेवर नसतात. एखादा भरकटून आला तर इथल्यापुरता तो दुर्मीळ. काही पक्षी जगातूनच कमी होत चाललेले असतात. ग्रेट नॉट दोन्ही अर्थांनी दुर्मीळ आहे. त्याच्या मुख्य वाटेवर भारत कधीच नव्हता, आणि २०१५ पासून जागतिक यादीत त्याची गणना संकटग्रस्त जातींमध्ये होते.

त्याच्यावरचे संकट आपल्या किनाऱ्यापासून फार लांब घडले. चीन आणि कोरिया यांच्या मधल्या पीत समुद्राच्या काठचा चिखल हा या पक्ष्यांचा सायबेरियाला जाता-येतानाचा मुख्य मुक्काम. रात्रभराच्या एसटीला वाटेत जेवणाचा एकच थांबा असावा आणि एके दिवशी तो ढाबाच बंद मिळावा, तशी त्यांची गत झाली. दक्षिण कोरियाने सेमानगम या ठिकाणी ३३ किलोमीटर लांबीची भिंत बांधून दोन नद्यांची मुखे समुद्रापासून तोडली. भिंतीतली शेवटची फट २००६ मध्ये बुजली आणि सुमारे ४०० चौरस किलोमीटर क्षेत्रातली भरती-ओहोटीची ये-जा तुटली. शिंपले मेले. तिथे उतरणाऱ्या ग्रेट नॉटची संख्या कोसळली.

तेव्हा एक युक्तिवाद केला गेला होता, आणि विकासाच्या प्रत्येक वादात तो ऐकू येतो: पक्ष्यांना पंख आहेत, ते दुसरीकडे जातील. तो तपासून पाहण्यात आला. आसपासच्या इतर चिखलपट्ट्यांवर तेवढे पक्षी वाढलेले आढळले नाहीत, आणि ऑस्ट्रेलियातल्या हिवाळी गणनेतही ग्रेट नॉट घटले. पक्षी दुसरीकडे गेले नव्हते. ते कमी झाले होते. तसे ते होणारच होते, कारण दुसऱ्या चिखलावर आधीच दुसरे पक्षी जेवत असतात.

सेमानगम ही एकटी घटना नाही. जुन्या नकाशांवरून आणि उपग्रहांच्या चित्रांवरून केलेल्या मोजणीनुसार पीत समुद्राच्या काठचा भरती-ओहोटीचा चिखल ५० वर्षांत ६५ टक्क्यांपर्यंत घटला. बंदरे, कारखाने, मत्स्यशेती, शेतजमीन, अशी कारणे वेगवेगळी. अलीकडे दिशा काहीशी बदलली आहे. चीनच्या काठावरच्या काही जागांना २०१९ मध्ये आणि दक्षिण कोरियाच्या चिखलपट्ट्यांना २०२१ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत स्थान मिळाले.

चिखल ही पडीक जमीन, भर घालून उपयोगात आणण्याजोगी, हा समज मुंबईलाही परका नाही. हे शहरच भरावावर वाढले. शिवडीच्या चिखलावरून आता अटल सेतू जातो.

८. किती जवळ जावे, काय लिहावे

भरतीत विसावलेला थवा उठवणे हा किनाऱ्यावरचा सगळ्यात मोठा अविचार. तो थवा पुढच्या ओहोटीसाठी आणि पुढच्या उड्डाणासाठी शक्ती राखून बसलेला असतो. प्रत्येक विनाकारण उड्डाणात ती जळते. पुळणीवरची मोकाट कुत्री आणि भरधाव गाड्या हे काम दिवसभर करतच असतात. निरीक्षकाने त्यात भर घालू नये. पक्षी खाणे थांबवून माना वर करू लागले, सगळे एकाच दिशेने चालू लागले, की आपण फार जवळ आलो आहोत. दोन पावले मागे घ्यावीत आणि खाली बसावे. जागा आणि तिथी नीट निवडली असेल तर पक्ष्यांकडे जावे लागत नाही. पाणीच त्यांना घेऊन येते. खाडीच्या चिखलात तर उतरूच नये. वरून घट्ट दिसणारा थर मांडीपर्यंत आत घेतो, आणि चढते पाणी वाट पाहत नाही.

ग्रेट नॉट दिसला असे वाटले, तर पहिल्यांदा त्याचे पाय पाहावेत. वेडरांचा अभ्यास करणाऱ्या संस्था पक्ष्यांच्या पायांत धातूच्या कड्या आणि रंगीत प्लास्टिकच्या पट्ट्या अडकवतात. भारतात हे काम प्रामुख्याने मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी (बीएनएचएस) करते. पट्टीचा रंग आणि जागा यांवरून पक्ष्याला कुठे पकडले होते ते कळते, आणि तिच्यावरची अक्षरे वाचता आली तर तो नेमका कोणता पक्षी हेही कळते. म्हणून वहीत लिहावे ते असे: पट्टी डाव्या पायात की उजव्या, गुडघ्याच्या वर की खाली, एक की दोन, वरची कुठल्या रंगाची, खालची कुठल्या. छायाचित्र धूसर आले तरी ठेवावे.

त्याखेरीज वेळ, भरतीची अवस्था, सोबत कोणते पक्षी होते आणि अंदाजे किती, उजेड कुठून होता, हे तिथेच उभ्या उभ्या टिपावे. घरी जाऊन पुस्तक उघडल्यावर लिहिलेल्या वर्णनात पुस्तकातली वाक्ये नकळत शिरतात. खात्री नसेल तर ‘मोठा करडा वेडर, जात अनिश्चित’ अशी नोंद चालते. पक्षी दिसला नाही, तरी त्या संध्याकाळची बाकीच्यांची गणती लिहून ठेवावी. एखादी जात कमी होत आहे की नाही, हे अशाच जुन्या याद्या एकमेकींशेजारी ठेवून ठरवले जाते, आणि त्यात शून्य हाही आकडाच असतो.